तिसऱ्या दिवशी कुदळ

परदेशात जाऊन आलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं आणि कपाटात छोटा आयफेल टॉवर, नाहीतर स्वित्झर्लंडची गाईच्या गळ्यातली घंटा असते. माझ्या दिवाणखान्यात दाराच्या मागे कुदळीचं पातं टेकवून ठेवलंय. दांडा नाही, नुसतं पातं. आलेला प्रत्येक जण विचारतो, "घरात काही खोदकाम काढलंय का?" मग आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगतात, "छे! ती आफ्रिकेहून आणलीय. लोक तिकडून हिरे आणतात, आमच्याकडे ही आली."

प्रत्येकाला ही हकिकत सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून आज तुम्हा सगळ्यांना एकदमच सांगून टाकते.

२०१६ च्या मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं गणित शिकवलं. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ का देतात, हे गणित काही मला सुटलेलं नाही. सहा महिने त्या घड्याळाकडे बघत काढले. मग एका स्वयंसेवी संस्थेची माहिती हाती आली. टांझानियातल्या माध्यमिक शाळेत वर्षभर गणित शिकवायला शिक्षक हवे होते. राहायची सोय आणि हातखर्चापुरते पैसे. मी अर्ज केला, आणि तो चक्क मंजूर झाला.

घरात वादळ उठलं. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, या वयात लोक लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जातात. तुम्ही आफ्रिकेला निघालात?" आमचे हे म्हणाले, "तिकडे सिंह असतात."

"मी चौतीस वर्षं नववी ब ला शिकवलंय," मी म्हटलं.

"मग सिंहांना आधी कळवायला हवं," हे म्हणाले, आणि ट्रंक काढायला माळ्यावर चढले.

२०१७ च्या जानेवारीत मी निघाले. मुंबईहून नैरोबी, तिथे विमान बदलून दार-ए-सलाम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उबुंगोच्या बसस्थानकावर मोरोगोरोच्या गाडीत. मोरोगोरो हे गाव दार-ए-सलामच्या पश्चिमेला साधारण १९० किलोमीटरवर, उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याशी आहे. गाडी सुटायच्या आधी खिडकीखाली पोरांची झुंबड उडाली आणि एकच गलका सुरू झाला, "माजी! माजी! माजी!"

मी दचकले. मी माजी शिक्षिका झाल्याची बातमी इथवर पोचली कशी? शेजारच्या बाईंनी नाणी देऊन बाटली घेतली तेव्हा उलगडा झाला. स्वाहिली भाषेत 'माजी' म्हणजे पाणी.

इतक्यात कंडक्टर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा!" मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी दादा नव्हता. पुन्हा "दादा!" शेवटी शेजारच्या बाईंनीच मला कोपरानं ढोसलं. तो मलाच हाक मारत होता, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण!

पुढे हळूहळू सगळंच नातेगोते उलटंपालटं झालं. तिकडे काका म्हणजे भाऊ, बाबू म्हणजे आजोबा, बीबी म्हणजे आजी आणि मामा म्हणजे आई. बाबा तेवढे बाबाच राहिले, हे नशीब. शिवाय आपल्या खेड्यात बाईला 'अमक्याची आई' म्हणतात, तशीच तिकडेही पद्धत. आधी 'मामा', मग मुलाचं नाव. माझ्या थोरल्याला आम्ही घरात बंडू म्हणतो. झालं, मी 'मामा बंडू' झाले. हे नाव ऐकून तिथली माणसं फार खूश व्हायची. ती का, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. फोनवर हे सांगितलं तेव्हा बंडू म्हणाला, "आई, तू माझा मामा? मग खऱ्या मामाचं काय करायचं?"

शाळेत पहिल्याच दिवशी मुलांनी मला घेरलं आणि म्हणाली, "शिकामो!" मला वाटलं, बाईंना बघून पोरं "शिका, शिका" म्हणताहेत. चांगलं वळण आहे! मीही हसून म्हटलं, "शिकामो!" पोरं पोट धरून हसत सुटली. शिकामो हा लहानांनी मोठ्यांना करायचा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. मोठ्यांनी त्यावर 'माराहाबा' म्हणून तो स्वीकारायचा असतो. म्हणजे एकोणसाठाव्या वर्षी मी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या पाया पडले होते.

तरी ही भाषा आपल्याला परकी वाटत नाही, बरं का! हिंदी महासागरावरून शतकानुशतकं गलबतं ये-जा करत होती. काही शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडे आणि आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आले, काही आपल्याच व्यापाऱ्यांबरोबर तिकडे उतरले. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', साबणाला 'साबुनी', लाखाला 'लाकी'. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर म्हणजे 'काचुंबारी'. आणि गणित म्हणजे 'हेसाबू'! टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मुळात शिक्षक. सगळा देश त्यांना 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणे. भारत सरकारनं १९९५ मध्ये पहिला गांधी शांतता पुरस्कार दिला तो यांनाच. त्यांनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं स्वाहिलीत भाषांतर केलं, ते १९६९ मध्ये निघालं. त्याचं नाव 'माबेपारी वा वेनिसी'. यातला 'बेपारी' आपलाच व्यापारी.

असे शब्द सापडले की माणसाला वाटतं, भाषा आली. मलाही वाटलं. एका शिक्षिकेच्या घरी जेवायला बसले होते. समोर कोंबडीचा रस्सा आला. मी शाकाहारी. कोंबडीला 'कुकू' म्हणतात हे मी पाठ करून गेले होते. ऐन वेळी जीभ घसरली आणि मी ठणकावून सांगितलं, "मी काका खात नाही!"

पंगत गप्प झाली. काका म्हणजे भाऊ, हे मघाशी सांगितलंच. घरातले आजोबा गंभीरपणे म्हणाले, "आम्हीही खात नाही." आणि मग घरभर जो हशा उठला, तो शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत पोचला. पुढे वर्षभर मोरोगोरोच्या बाजारात अनोळखी बायकासुद्धा मला विचारायच्या, "भाऊ खाल्लास का?"

घड्याळाची गंमत याहून मोठी. मार्चच्या सुरुवातीला भूगोलाच्या बाईंनी मला रविवारी जेवायला बोलावलं. वेळ 'सा साबा', म्हणजे सात वाजता. रात्रीचे सात की सकाळचे, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "छे छे, दिवसाचे." मला नवल वाटलं, पण म्हटलं, देश तसा वेश. रविवारी सकाळी सातला मी नारायणपेठी नेसून, तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात हजर! बाई अंगण झाडत होत्या. मुलं तोंडात ब्रश घालून माझ्याकडे बघत राहिली.

वाचकहो, स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर चालतं. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो. तो उगवल्यावर एक तास झाला की एक वाजला, म्हणजे आपले सात. 'सा साबा', म्हणजे सातवा तास, तो आपल्या दुपारच्या एक वाजता भरतो. विचार केला तर त्यांचंच बरोबर. आपल्या पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयालाच सुरू होतो. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तोवर मी जेवणाला सहा तास आधी जाऊन बसले होते. आणि भारताचं घड्याळ तिकडच्यापेक्षा अडीच तास पुढे. तेव्हा यांना फोन करताना चौतीस वर्षं गणित शिकवलेली ही बाई बोटं मोजायची.

बाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. चहा दिला, चपाती दिली आणि सगळं घर चर्चला निघून गेलं. मागे राहिलो मी आणि त्यांच्या सासूबाई. म्हणजे बीबी. बीबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सूप ओढलं. त्यांनी ते परत घेतलं. "म्गेनी," त्या म्हणाल्या. म्गेनी म्हणजे पाहुणी.

हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कारण गेले पाच आठवडे शाळेतही मी म्गेनीच होते. रोज सकाळी शाळेत जायची. आंब्याच्या झाडाखाली माझ्यासाठी खुर्ची मांडलेली असायची. खुर्चीवर बसले की संत्र्याच्या रंगाच्या सोड्याची बाटली यायची. "माझं वेळापत्रक तयार आहे का?" मी विचारायची. हा 'तयार' शब्दसुद्धा त्यांच्याकडे आहे, 'तायारी'. उत्तर यायचं, "बाडो." बाडो म्हणजे 'अजून नाही'. जे पुढे कधीतरी होऊ शकतं, त्याला ते सरळ 'नाही' म्हणत नाहीत. मोठी गोड रीत आहे, पण पाच आठवड्यांत पंचवीस बाटल्या सोडा पोटात गेल्यावर गोडाचंही अजीर्ण होतं. वर्गात सत्तरच्या वर मुलं दाटीवाटीनं बसलेली दिसायची. २०१६ पासून तिथे सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ झाली, आणि वर्ग भरून वाहू लागले. शिक्षक अपुरे. आणि चौतीस वर्षांचा अनुभव घेऊन आलेली मी झाडाखाली सोडा पीत बसले होते.

हे सगळं बीबींना मी मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग एक म्हण म्हणाल्या, "म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातू म्पे जेम्बे." मला त्यातलं 'दोन', 'तीन' आणि 'पाहुणा' एवढंच कळलं. दुपारी सूनबाईंनी अर्थ सांगितला, "पाहुणा दोन दिवस; तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या." तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाईल, अशी म्हण आपल्याकडेही आहे. पण दोन्हींतला फरक बघा. आपली म्हण पाहुण्याला दारातून बाहेर काढते, त्यांची त्याला शेतात घेऊन जाते.

बीबींनी मला विचारलं, "तुला किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"आणि कुदळ?"

"बाडो," मी म्हटलं.

बीबी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "मग माग ना!"

पुढच्याच शनिवारी संधी आली. न्येरेऱ्यांनी १९६७ मध्ये 'स्वावलंबनासाठी शिक्षण' हे धोरण मांडलं, तेव्हापासून तिथल्या कितीतरी शाळांना स्वतःची शेती आहे. मुलं दप्तराबरोबर कुदळही आणतात. मी सातारा जिल्ह्यातली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्या कराडजवळच्या काले गावात. 'कमवा आणि शिका' हे शब्द आमच्या कानांवर बाळगुटीबरोबरच पडलेले. तेव्हा मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी मका पेरायला सगळी शाळा शेतात उतरलेली पाहून माझे हात शिवशिवायला लागले. पण माझ्यासाठी बांधावर खुर्ची होती. आणि सोडा होता.

मी बाटली खाली ठेवली. पदर खोचला. एका चिमुरड्याच्या हातातून कुदळ घेतली आणि, शेतकऱ्याची मुलगी मी, पहिला घाव घालायला ती डोक्यावर नेली.

दांडा माझ्या हातात राहिला. पातं सुटलं आणि हवेतून गिरकी घेऊन थेट हेडमास्तरांच्या पायांपासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतलं.

शेतात पानसुद्धा हलेना. हेडमास्तरांनी पात्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, मग माझ्याकडे. माझ्या मनात आलं, उद्याचं विमान मिळेल का? पण सुटलेलं पातं कसं बसवायचं, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. मी पातं उपसलं, दांड्यात घातलं, झाडाखाली पडलेली लाकडाची एक ढलपी उचलली आणि दगडानं ठोकून तिची पाचर मारली. घट्ट बसली.

ती ढलपी बघून एक पोरगं ओरडलं, "बांदू!" दुसरं ओरडलं, "मामा बांदू!" आणि सगळं शेत हसायला लागलं. हेडमास्तरही. डोळे पुसत त्यांनी मला सांगितलं, की स्वाहिलीत 'बांदू' म्हणजे लाकडाची ढलपी. त्यांची म्हणच आहे, "बांदू बांदू हुइशा गोगो." एकेक ढलपी काढत गेलं की अख्खा ओंडका संपतो. म्हणजे आपलं 'थेंबे थेंबे तळे साचे', फक्त तिकडून मोजलेलं! माझ्या बंडूच्या नावात एवढं तत्त्वज्ञान असेल, असं त्याच्या बारशाला कुणाला वाटलं होतं?

त्या दिवशी मी बारा ओळी खणल्या. हाताला फोड आले. सोमवारी सकाळी झाडाखाली खुर्ची नव्हती. सोडा नव्हता. टेबलावर वेळापत्रक होतं. फॉर्म एक, म्हणजे आपली आठवी. आठवड्याला सहा तास.

आधी का दिलं नाही, हे भूगोलाच्या बाईंनी मला नंतर सांगितलं. याआधी आलेले काही पाहुणे तीन आठवड्यांत धडा अर्धवट टाकून, मुलांबरोबर फोटो काढून निघून गेले होते. मग मुलांना तो धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला होता. "तुम्ही राहणार की जाणार, हे आम्हाला बघायचं होतं," त्या म्हणाल्या. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

खरी परीक्षा पुढेच होती. तिथे तेव्हा पहिली सात वर्षं मुलं स्वाहिलीत शिकायची आणि माध्यमिक शाळेत पाऊल टाकलं की एका रात्रीत सगळं इंग्रजीत. मी विचारायची, "कळलं का?" सत्तर गळ्यांतून उत्तर, "येस मॅडम!" मी विचारायची, "नाही कळलं का?" तितक्याच उत्साहानं, "येस मॅडम!"

शेवटच्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची. ती तर 'येस मॅडम'सुद्धा म्हणत नसे. प्राथमिक शाळेत ती पहिली येत असे, असं मला सांगितलं गेलं. इथे तिच्या वह्या कोऱ्या. तिच्याकडे बघितलं की माझ्या पोटात कालवायचं, कारण तो बाक माझ्या ओळखीचा होता. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेले तेव्हा मीही खिडकीशी, शेवटच्या बाकावर बसायची. सर 'ट्रँगल, ट्रँगल' म्हणत होते आणि हे काहीतरी नवीन, भयंकर अवघड प्रकरण आहे असं समजून मी घामाघूम झाले होते. तो आपला त्रिकोणच आहे, हे कळायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी विसरलेले नाही. या पोरीचे तसे किती दिवस चालले होते, कुणास ठाऊक.

रात्री शब्दकोश काढला. त्रिकोणाला स्वाहिलीत 'पेम्बेतातू' म्हणतात. 'तातू' म्हणजे तीन आणि 'पेम्बे' म्हणजे कोपरा. पेम्बे म्हणजे शिंगसुद्धा! दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्रिकोण काढला, प्रत्येक कोपऱ्याला एकेक शिंग लावलं आणि माझ्या दिव्य स्वाहिलीत सांगितलं, की पेम्बेतातूला तीन बाजू असतात.

वर्गात खसखस पिकली. स्वाहिलीत सजीवांसाठी क्रियापदाचं रूप वेगळं, निर्जीवांसाठी वेगळं. मी त्रिकोणाला 'आना' म्हणाले होते. ते रूप माणसांचं आणि जनावरांचं. म्हणजे माझा त्रिकोण जिवंत होता, त्याला शिंगं होती आणि तो बहुधा चरायला निघाला होता.

"इना, मॅडम," शेवटच्या बाकावरून आवाज आला. "आना नाही. इना."

ती बोलली! मी तिला फळ्याशी बोलावलं आणि म्हटलं, माझं वाक्य दुरुस्त कर. मग पुढचं वाक्यही मी चुकीचंच बोलले. हे मुद्दाम करायची गरज नव्हती, ते आपोआपच होत होतं. तिनं तेही सुधारलं. माझी भाषा सुधारता सुधारता तिनं त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज वर्गाला समजावून दिली, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा नियम ठरला. आधी जे म्हणायचं ते कुठल्याही भाषेत म्हणा. मग तेच इंग्रजीत लिहा आणि उभं राहून मोठ्यानं चुका. चुकायला लाज कसली? बाईच चुकतात!

हेडमास्तरांनी मला बोलावलं. शाळेची भाषा इंग्रजी होती, परीक्षा इंग्रजीत होती, आणि त्यांची काळजी खरी होती. ते म्हणाले, "मामा बांदू, तुम्ही स्वाहिलीत शिकवता, अशी तक्रार आहे." मी म्हटलं, "सर, माझी स्वाहिली तुम्ही ऐकलीय. तिला स्वाहिली म्हणता येईल का?" ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "नाही." आणि तक्रार निकालात निघाली.

सगळं काही गोडच झालं, असं नाही. ऑगस्टमध्ये बीबींकडे त्यांचा भाचा आला होता. दक्षिणेकडे लिंडीला त्याची शेती. तो तूर पिकवतो. तुरीला तिकडे 'म्बाआझी' म्हणतात. मी हिंदुस्थानातली, हे कळल्यावर त्यानं मला सरळ विचारलं, "तुमच्या लोकांनी तूर खाणं सोडलं का?" त्याच महिन्यात भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली होती. आपल्याकडे तूर मुबलक झाली होती, आपल्या शेतकऱ्यालाही भाव मिळत नव्हता, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "म्हणजे तिकडेही माझ्यासारखाच कुणी आहे." त्या रात्री आमटीचा घास घशाखाली उतरेना. पण एक जाणवलं. असा प्रश्न पाहुण्याला कुणी विचारत नाही. तो घरच्या माणसालाच विचारतात.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. निम्म्याहून थोडी जास्त मुलं गणितात पास झाली. बाकीची नापास झाली, तीही तितक्याच प्रामाणिकपणे. माझ्यानं ओंडका संपला नाही. चार ढलप्या निघाल्या, एवढंच. खिडकीतली ती मुलगी पुढच्या वर्षीची सरकारी परीक्षाही पास झाली, असा भूगोलाच्या बाईंचा निरोप २०१९ च्या जानेवारीत आला. त्या दिवशी मी घरात शिरा केला.

डिसेंबरात निघताना मुलांनी फळ्यावर ती ढलपीची म्हण लिहिली होती. आणि हेडमास्तरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू माझ्या हातात ठेवली. तेच पातं! "दांडा ठेवून घेतलाय," ते म्हणाले. "आमच्या बुटांच्या सुरक्षिततेसाठी."

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली. "हे काय?"

"कुदळ."

"आफ्रिकेतून? सोनं वगैरे काही नाही?"

"नाही हो. नुसती कुदळ."

त्यांनी पातं हातात घेतलं, अंगठ्यानं धार पाहिली आणि एकदम गावाकडच्या आवाजात म्हणाले, "पातं बाकी चांगलंय, मावशी." आणि बॅग बंद करून दिली.

परवा नणंदबाई राहायला आल्या होत्या. दोन दिवस त्यांनी सोफ्यावर बसून ही सगळी हकिकत पुन्हा एकदा ऐकली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वहिनी, द्या ती कुदळ. तुमच्या अळूच्या वाफ्याची माती हलवून देते."

"तिला दांडा कुठाय?" मी म्हटलं.

तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ते बाजूला ठेवलं आणि पाचर शोधायला अंगणात गेले.